फियाटची सीट, काथ्या आणि मे महिना

गाडी १९७७ची प्रीमियर पद्मिनी. आमच्या आर्वीकडे तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. पुलगावकडच्या एका जिनिंगच्या गोडाऊनात ती बारा वर्षं उभी होती. माझं दुकान शेतातल्या मोटारपंपांच्या रिवायंडिंगचं, त्यामुळे लोखंड-तांब्याची भीती नव्हती. १०८९ सीसीचं इंजिन एका मिस्त्रीनं पंधरा दिवसांत सुरू करून दिलं. आता आतलं काय, रेक्झिन बदललं की झालं, असं वाटलं होतं. त्या ‘झालं’मध्ये माझं दीड वर्ष गेलं.

मागची सीट उचलली तेव्हा खाली उंदरांचा संसार निघाला. काथ्या कुरतडून केलेलं घर, मूठभर सरकी, तुरीची टरफलं. सीटमधला कापूस त्यांनी घरात अंथरला होता. बायको दारातूनच म्हणाली, “हे घरात नोका आणू.”

पहिली चूक मी लगेच केली. तालुक्याच्या गावी सीट कव्हरचं एक दुकान आहे, तिथे पुढची सीट टाकून आलो. मालक म्हणाला, “जुनं काहून ठेवता भाऊ, सडून गेलं ते. चार इंची फोम टाकून देतो, सोफ्यावानी लागते.” मी हो म्हटलं. चार दिवसांनी सीट आली, दिसायला चकचकीत. बसलो तर मांड्या स्टिअरिंगला घासायला लागल्या. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावरच, तोही टाकताना हात अवघडायचा. दोन महिन्यांत फोम मधोमध खचला आणि स्प्रिंगा टोचायला लागल्या. स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये गोणपाट घातलंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात तार फोम कापत गेली. त्याहून वाईट म्हणजे जुनं कव्हर त्यानं फेकून दिलं होतं. मापाला काहीच उरलं नाही.

मग हिंगणघाटच्या एका गादीवाल्या चाचांचं नाव कळलं. तरुणपणी त्यांनी ट्रकच्या आणि जीपच्या सीटा भरल्या होत्या. मी रेक्झिनचे नमुने घेऊन गेलो, ते त्यांनी पाहिलेही नाहीत. “आंधी स्प्रिंगा दाखव. कापडाचं मंग पाहू.”

स्प्रिंगांवर चार दिवस गेले. तारेच्या ब्रशनं गंज काढला, रेड ऑक्साइड मारलं. ड्रायव्हरकडच्या तीन स्प्रिंगा तुटलेल्या होत्या, त्या जुन्या सोफ्यातल्या घालून बांधल्या. इथे माझा धंदा कामी आला. मोटारीची कॉइल बांधतो तशाच गाठी सुतळीनं मारल्या, दर दोन स्प्रिंगांना एक, म्हणजे एक दबली की शेजारची सोबत येते. चाचा नुसते पाहत होते. शेवटी म्हणाले, “हात बरा हाय तुहा.”

त्यावर दुहेरी गोणपाट दाभणानं स्प्रिंगांना शिवलं. मग काथ्याचा थर, वर पिंजलेल्या कापसाचा पातळ थर, त्यावर मांजरपाट, आणि सगळ्यात शेवटी रेक्झिन. काथ्या वजन धरतो आणि हवा खेळू देतो, कापूस फक्त काथ्याची टोकं बोचू देत नाही. कापूस जास्त घातला की गोळे होतात. कापसाच्या मुलखात राहून हे मला ठाऊक नव्हतं. उंची कशी ठरवायची? ड्रायव्हरची बाजू तर दबलेलीच. पण गाडी घेतली त्या दिवशी मी आतले फोटो काढले होते. पॅसेंजरच्या बाजूचा कोपरा कमी वापरलेला, फोटोत तो दाराच्या पट्टीच्या कुठपर्यंत येतो ते पाहून तेवढीच उंची धरली. कव्हरसाठी वर्तमानपत्राचे साचे कापले, आणि उभ्या पट्ट्यांची रुंदी मागच्या सीटवरून घेतली. ती सीट दुकानात गेलीच नव्हती म्हणून वाचली.

दाराचे पॅड सोपे वाटले होते. हार्डबोर्ड पावसानं फुगून खालून पुठ्ठ्यासारखा सुटला होता. नवा कापून बसवणार तेवढ्यात चाचांनीच विचारलं, पाणी आलं कुठून? काच खाली-वर होते त्या फटीतून पाणी दारात शिरणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. माझ्या दारांची भोकं काळ्या मातीनं बुजलेली, आणि पॅडच्या मागचा प्लास्टिकचा कागद तर कधीच फाटला होता. भोकं तारेनं मोकळी केली, खताच्या पोत्यातली आतली जाड पिशवी कापून दाराच्या आतल्या पत्र्यावर चिकटवली, तिची खालची कड दाराच्या आत सोडली, मग पॅड बसवला. हार्डबोर्डला मागून वॉर्निशचे दोन हातही दिले, ते दुकानातलंच, कॉइलवर मारतो ते. हे केलं नसतं तर पुढच्या श्रावणात सगळं परत.

क्लिपा, दाराचं रबर आणि काचेचं एक हँडल आमच्याकडे मिळेना. वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन दिवस फिरलो. गंमत अशी की ही गाडी बनायची तीही कुर्ल्यातच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ला बंद झाली. मी गेलो त्याच्या काही महिन्यांनी, तेव्हा तिचं सामान अजून थोडंफार मिळत होतं, पण भाव ऐकून चहा थंड झाला. हँडल मिळालं, रबर मिळालं. राखदाणीचं झाकण नाही मिळालं.

छताचं कापड मी मे महिन्यात घेतलं, ही दुसरी चूक. हे कापड तारांवर ताणलेलं असतं आणि प्रत्येक तारेचा बाक वेगळा. काढतानाच प्रत्येक तारेवर वेगळ्या रंगाचं स्लीव्ह, म्हणजे दुकानात वायरीवर चढवतो ती नळी, चढवलं, म्हणून क्रम चुकला नाही. पण माझ्या गाडीत कापडाची पुढची कड काचेच्या रबराखाली गेलेली, म्हणजे काच उतरवणं आलं. आणि पत्र्यावर ऊन ४५ अंशांचं. रबरी सोल्युशन लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं असतं, मग चिकटवायचं. इथे ब्रश फिरवून डबा ठेवेस्तोवर ते कोरडं व्हायचं. पहिल्यांदा चिकटवलेलं कापड दुपारी तीनला लोंबायला लागलं. सगळं उकललं आणि पहाटे पाचला उठून, एकेक हात लांबीचं काम करत, तीन दिवसांत पुरं केलं. पावसाळ्यापर्यंत थांबावं असंही मनात आलं होतं, पण ओल्या हवेत सोल्युशनवर पांढुरकी साय धरते आणि पकड जाते, हे पंपाच्या मोटारीत कॉइलखाली खाचेत घालतो त्या स्लॉट-पेपरवर मी पाहिलेलं होतं. खरं तर जानेवारी चांगला. मला घाई होती.

काच परत बसवायची युक्ती मात्र झकास. रबराच्या खाचेत चहूकडून सुतळी घालायची, टोकं आत सोडायची, बाहेरून एकानं काच दाबायची आणि आतून दुसऱ्यानं सुतळी ओढत जायची, तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. साबणाचं पाणी भरपूर. आत बायको बसली होती. दोनदा सुतळी मध्येच निसटली. तिसऱ्या खेपेला काच बसली तेव्हा ती म्हणाली, “आता मले आर्वीले नेऊन आणा, सीट कशी लागते पाहू.”

सीट तिला बरी लागली. मागच्या सीटखाली आता डांबरगोळ्या ठेवल्या आहेत, आणि राखदाणीची ती मोकळी जागा रेक्झिनच्या उरलेल्या तुकड्यानं झाकली आहे.