हैबतबाबांची शिस्त

आळंदीत महाद्वारातून आत जाताना पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचा, हे दिंडीतल्या आजींचं बघून शिकलो. ती हैबतबाबांची पायरी. हैबतराव पवार हे साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. चाकरी सोडून आळंदीत आले आणि इथलेच झाले. पालखीची प्रथा त्यांच्या आधीची. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली ती सुरू केली. तेव्हा ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत असत. माउलींचा सोहळा वेगळा निघाला आणि त्याला आजचं रूप आलं ते एकोणिसाव्या शतकात, हैबतबाबांच्या हातून.

माणूस फौजेतला होता, हे लक्षात ठेवून चाललं की वारी निराळीच दिसायला लागते. सगळ्यात पुढे नगारा, मग अश्व, मग क्रमांकाने दिंड्या. रथापुढे २७, बाकीच्या मागे. प्रत्येक दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. फोटोसाठी कुणी रांगेतच थबकलं की मागून आवाज येतो, ‘माउली, चला!’ शब्द प्रेमळ, सूर हवालदाराचा.

घोड्यांची गोष्ट मला जास्त आवडते. दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणीच नाही, कारण तो माउलींचा. हे घोडे येतात अंकलीहून, शितोळे सरकारांकडून. अंकली बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे आज कर्नाटकात, आणि तिथून आळंदीपर्यंत घोडे चालत येतात. म्हणजे पंढरीला निघायच्या आधीच त्यांची एक वारी झालेली असते.

दिवे घाटाचं कौतुक सगळेच करतात, ते सोडून देतो. पायथ्याला वडकीजवळ पेशवाईतला मस्तानी तलाव आहे, पण चढ समोर असताना तिकडे कोण बघतो! सासवडला मुक्काम मोठा, म्हणून सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन निवांत झालं. जेजुरीत भंडाऱ्याने पांढरे सदरे पिवळे झाले. नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान घातलं जातं, आणि नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो.

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब. तिथे पहिलं उभं रिंगण. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहिल्या, मधली वाट मोकळी झाली आणि अश्व सुटले. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले असतील. चिखलाचा एक शिंतोडा थेट चष्म्यावर. मी चष्मा पुसतोय तोवर शेजारच्या मावशी गुडघ्यावर बसल्या होत्या. टापेखालची चिमूटभर माती कपाळाला, उरलेली पदराच्या गाठीत.

‘घरी न्यायची?’ मी विचारलं.

‘रानात टाकायची. पेरणी झालीया,’ त्या म्हणाल्या.

पण हैबतबाबांची फौजी शिस्त खरी कळते ती संध्याकाळी, समाज आरतीला. मुक्कामाच्या तळावर पालखी मधे, भोवती सगळ्या दिंड्या, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड वर करतात, लांबलचक ‘होऽऽ’ देतात, आणि एवढा समुदाय एकदम गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र गप्प बसायचं नाही, टाळ वाजवतच राहायचं. मग चोपदार त्यांच्याकडे जातात आणि ऐकून घेतात. अर्ज नाही, शिक्का नाही.

फलटणच्या तळावर आमच्या जवळचीच एक दिंडी टाळ थांबवेना. चोपदार आले. दुपारच्या विसाव्यानंतर मागची दिंडी क्रम मोडून पुढे घुसली, अशी फिर्याद. समोरच्यांनी पावसाचं कारण सांगून बघितलं. ‘पाऊस सगळ्यांवरच पडला. उद्या आपापल्या क्रमानं चालायचं,’ एवढाच निवाडा. टाळ थांबले. आमचे वीणेकरी मामा हळूच म्हणाले, ‘आमच्या भावकीत असा एक चोपदार पाहिजे होता.’

मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा झाला: एक चष्मा, एक कापडी पिशवी आणि दिंडी चुकलेल्या एक आजी. आजींना स्वतःच्या दिंडीचा क्रमांक पाठ होता, तो पुकारल्याबरोबर गर्दीतून दोन पोरं धावत आली. मग आरती झाली.