वेइशिएनचा क्रॉस: शेवटचा 'एल' अखेर बसला

धावपटू एरिक लिडेलच्या थडग्यावरच्या क्रॉसचं बारा पट लहान (१:१२) मॉडेल करतोय. चार क्रॉस वाया गेल्यावर काल रात्री पाचव्यावर नाव नीट उमटलं. हात अजून काळे आहेत, पण आधी हे लिहितो.

लिडेल हा स्कॉटिश ऑलिंपिक विजेता आणि मिशनरी, २१ फेब्रुवारी १९४५ ला चीनमधल्या वेइशिएनच्या जपानी नजरकैद छावणीत मेंदूतल्या गाठीने गेला. थडग्यावरच्या लाकडी क्रॉसवर त्याचं नाव बुटाच्या पॉलिशने लिहिलं होतं. १९२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर ४७.६ सेकंदांत धावलेल्या माणसाचं नाव! म्हणून मॉडेलवरही पॉलिशच, रंग नाही, हा हट्ट मी सोडला नाही.

आडवी फळी ३२ मिलिमीटर, नावाची इंग्रजी अक्षरं अकरा, प्रत्येक जेमतेम ३ मिलिमीटर उंच. पॉलिशमधलं तेल लाकडाच्या रेषेने पसरतं आणि दोन्ही 'डी'ची पोटं भरून जातात. बाल्सा यासाठी घेऊच नका, टीपकागदासारखं शोषतं. शिवाय ऑनलाइन मागवलेल्या पट्ट्या वाकड्या आल्या. सुताराकडची सागाची चिपटी कितीतरी सरस. चपडा लावून पाहिला, तर पॉलिश वरच घसरायला लागलं. पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात मात्र लागू पडला. खरी मेख पॉलिशमध्येच होती. ते रात्रभर पुठ्ठ्यावर ठेवलं; सकाळी पुठ्ठ्यावर तेलाचं कडं आणि मधे घट्ट, काळा गोळा. ब्रश बाजूला ठेवून उदबत्तीची काडी तासली आणि तिनेच लिहिलं. चौथ्या क्रॉसवर शेवटच्या 'एल'वर अंगठा पडला होता. या वेळी फळी चिमट्यात धरली.

मागे वेइशिएनमधला त्याचा १९९१ चा स्मृतिदगडही, स्कॉटलंडमधल्या मल बेटाच्या ग्रॅनाइटचा, करणार म्हणालो होतो. तो आता रद्द. काडी तासताना सारखी लिडेलच्या अंत्ययात्रेतली शाळकरी मुलांची रांग डोळ्यांपुढे येत होती. चीनमधल्या मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच्या चिफू शाळेची कितीतरी मुलं आईवडिलांविना त्या छावणीत होती. लिडेललाही सहाव्या वर्षी लंडनजवळ मिशनऱ्यांच्या मुलांच्या शाळेत, म्हणजे आजच्या एल्थम कॉलेजात, ठेवून आईवडील चीनला परतले होते. छावणीत हाच 'अंकल एरिक' त्या पोरांना शिकवायचा, खेळवायचा. जाण्याआधी थोडेच दिवस त्याने आपले धावण्याचे बूट एका मुलाला देऊन टाकले.

तेव्हा क्रॉससमोर मुलंच हवीत, आणि एकाच्या पायात मापाला मोठे, झिजलेले बूट. १:१२ ला दहा वर्षांचं पोर साधारण साडेअकरा सेंटीमीटर. तारेचा सांगाडा आज वळायला घेतला आहे.