दातांना तारा आणि ताटात भाकरी: माझा अनुभव

तारा बसवल्या की दवाखान्यातून एक छापील कागद हातात देतात. काय खायचं नाही, त्याची यादी. माझ्या कागदावर पॉपकॉर्न, नाचोज, कॅरामल, पिझ्झ्याची कड आणि बेगल एवढं होतं. सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या आणि कवठेमहांकाळचं माहेर असलेल्या बाईच्या पोटात यातलं वर्षाकाठी काय जाणार? बेगल कसा दिसतो ते तर मोबाइलवर बघितलं. शेंगदाणे, भडंग, भाकरीची कड, ऊस, भाजलेलं कणीस, मटणाची नळी, यातलं एकही नाव त्यात नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. तिशी ओलांडल्यावर तारा लावून घेतलेल्या, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या आणि सासर-माहेरचं सगळं आवडीनं खाणाऱ्या बाईचा हा अनुभव आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

माझे खालचे दात एकमेकांवर चढलेले, वरचे पुढे आलेले. घास अडकायचा, ब्रश नीट पोचायचा नाही, हिरड्यांतून रक्त यायचं. आत्याला हे सगळं कोण समजावणार. "दातास्नी बेड्या घातल्यास व्हय गं? लगीन झालं, पोरगं शाळंत जातंय, आता कुणाला दाखवायचंय?" मी म्हटलं, "आत्या, दाखवायला न्हाई, चावायला." पुढचे काही महिने चावणंच मुश्किल होणार आहे, हे मात्र तिला सांगितलं नाही.

तारांच्या आठवडाभर आधी दाढांच्या फटींत बारीक निळी रबरं घालतात, दाढेभोवती पट्टी बसायला जागा व्हावी म्हणून. त्या काळात चिकट काही खायचं नाही, त्या जागी दोरा किंवा टूथपिक घालायची नाही, आणि एखादं रबर पडलं तर दवाखान्यात कळवायचं. एवढंच.

तारा बसल्या त्या दुपारी विशेष काही वाटलं नाही. रात्री ठणका सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी वरणातली डाळही नको झाली. बहुतेकांचं असंच होतं. दुखणं साधारण चोवीस तासांनी सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू उतरत आठवडाभरात जातं. हे आधी कळलेलं असलं की निम्मी धास्ती कमी होते. आईनं माहेराहून हुलग्याचं पीठ पाठवलं होतं. सकाळी लसूण-जिऱ्याचं माडगं, दुपारी ताकभात, रात्री मुगाची गिचका खिचडी. ज्वारीची आंबील तर गार करूनच प्यायले. ताजी भाकरी गरम दुधात कुस्करून दहा मिनिटं झाकून ठेवली की तीही जाते.

माझ्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी एक युक्ती सांगितली होती, ती लागू पडली. ठणका वाढला की थंडगार पाण्याचा किंवा ताकाचा घोट तोंडात धरून ठेवायचा. माझी सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची होती. तोंडाच्या उबेनं ती ताठ होते आणि दातांना ओढते, गारव्यानं तेवढ्यापुरती नरम पडते. बर्फ मात्र चावायचा नाही. गोळ्या मी मॅडमना विचारूनच घेतल्या.

दुखणं गेलं की माणूस विसरतो, आणि ब्रॅकेट निघतात ते त्यानंतरच. ब्रॅकेट म्हणजे प्रत्येक दातावर बसवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा. तो दाताला चिकट रेझिनच्या थेंबानं बसवलेला असतो, वर निळा प्रकाश टाकून ते घट्ट करतात. पण शेवटी दाताच्या आवरणाला धक्का न लावता ते काढताही यायला पाहिजे, म्हणून ती पकड बेताचीच असते. तार ओढते तेवढा जोर ती सहज सोसते. पेरूला किंवा कणसाला समोरच्या दातांनी चावा घेतला की जोर आडवा येतो, आणि तो तिला सोसत नाही. ही एक गोष्ट डोक्यात बसली आणि माझी यादीच बदलली. काय खायचं यापेक्षा ते तोडायचं कशानं, हा प्रश्न महत्त्वाचा. हातानं तोडायचं, सुरीनं कापायचं आणि तुकडा सरळ दाढेवर ठेवायचा. सफरचंदाच्या पातळ फोडी चालतात. कणसाचे दाणे शिजवून, सुरीनं उतरवून घेतले तर चालतात. पेरूचा बियांचा गर काढून टाकला की तोही चालतो. पावसाळ्यात आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी किती चढलंय ते बघायला आख्खी सांगली लोटते, आणि हातात भाजलेलं कणीस असतं. मी ते घरी आणते. ऊस मात्र पूर्ण बंद, त्याला पर्याय नाही.

भाकरीचं म्हणाल तर तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी मऊच असते, भानगड कडेची आहे. कड मी आधीच वेगळी काढते आणि आमटीत टाकून ठेवते. बाकीचं खाऊन होईपर्यंत ती मुरते. शिळ्या भाकरीचा ताकात काला. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "लहान बाळासारखं काय कालवतेस?" आता त्याच माझी कड काढून वाटीत टाकतात. त्यांच्याही दाढा फार चांगल्या नाहीत, पण तो विषय आम्ही काढत नाही.

मग भडंग. सांगलीत राहून भडंग टाळायचा म्हटलं तर ऑफिसात चार वाजता उठून बाहेर जावं लागेल. कुरमुरे मऊच असतात. घात करतात ते तळलेले शेंगदाणे आणि कडक झालेल्या लसणाच्या पाकळ्या. मी कागदावर माझा वाटा ओढून घेते, दाणे एकेक करून बाजूला सारते, आणि शेजारच्या टेबलावरच्या ताई ते न विचारता उचलतात. वेचलेला भडंगही कोरडा खाल्ला तर कुरमुऱ्यांचा लगदा तारेखाली जाऊन बसतो. घरी मी त्यात काकडी-टोमॅटो बारीक चिरून, लिंबू पिळून पाच मिनिटं ठेवते आणि चमच्यानं खाते. भडंगाच्या भक्तांना हे पटणार नाही, याची कल्पना आहे. शेंगदाण्याच्या कुटाला हरकत नाही, तो बारीक करायचा. उखळात कुटलेल्या चटणीत अर्धेमुर्धे दाणे राहतात, ती दह्यात कालवायची. बेदाणे दाताला चिकटून बसतात म्हणून रात्री भिजत घालते. द्राक्षं अर्धी कापून.

सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. माझे वरचे दात मिटताना खालच्या ब्रॅकेटवर आपटायचे. म्हणून मॅडमनी मागच्या दोन दाढांवर निळ्या सिमेंटचे उंचवटे करून दिले. त्यामुळे तोंड मिटलं की फक्त तेवढ्या दोनच जागा टेकतात, बाकीचे दात अधांतरी. पहिल्या दिवशी मेथीची भाजी घेतली आणि लक्षात आलं की पान कातरलंच जात नाही. घास इकडून तिकडे फिरतो आणि जसाच्या तसा राहतो. पोळीचंही तेच, चावल्यासारखं वाटतं आणि गिळताना कळतं की अख्खा तुकडा चाललाय. न चावता गिळलं की पोट दुखतं, ते दोन-तीनदा दुखलंही. मग पालेभाजी चिरतानाच अगदी बारीक चिरायची आणि डाळीचं पीठ लावून गरगटी करायची, असं सुरू केलं. चाकवत, पालक, अंबाडी यांना हे उत्तम जमतं. पोळी चुरून आमटीत. घास नेहमीच्या निम्मा. जेवायला वेळ दुप्पट लागतो, पंगतीत वाढपी ताक घेऊन येतो तेव्हा मी भाजीवरच असते. दात सरकत गेले तसे ते उंचवटे घासून काढले, आणि मेथी पुन्हा ताटात आली.

आता हळद. ब्रॅकेटवर तार धरून ठेवायला बारीक रबरी रिंगा लावतात आणि कुठला रंग पाहिजे ते विचारतात. मी पारदर्शक म्हणणार होते. दवाखान्यातल्या सिस्टर हसून म्हणाल्या, "सांगलीत राहून पांढरं कशाला घेताय? करड्या घ्या." घेतल्या. आमच्याच पतसंस्थेतल्या एकीनं पारदर्शक लावून घेतल्या होत्या. चार दिवस आमटी खाल्ल्यावर तिच्या रिंगा अशा पिवळ्या झाल्या की २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेलं भौगोलिक मानांकन तिच्या दातांवर वाचता आलं असतं. दात पिवळे होत नाहीत, रिंगाच रंग पितात. दर चार-सहा आठवड्यांच्या भेटीत त्या बदलतात, पण तोवर लग्नाचे फोटो निघालेले असतात.

कडक आणि चिकट यांची धास्ती सगळे घालतात, चहाबद्दल कुणी बोलत नाही. ऑफिसात दिवसभर कटिंग सुरू असतं, गोड. साखर तोंडात गेली की दातावरच्या थरातले जंतू आम्ल तयार करतात आणि पुढची वीस-तीस मिनिटं ते दाताला खात राहतं. ब्रॅकेटच्या कडेला तो थर हमखास साचतो. तारा काढल्यावर काहींच्या दातांवर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग दिसतात, ते यामुळे. एकूण किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं, याला जास्त महत्त्व आहे. म्हणजे जेवणासोबत खाल्लेला बेसनाचा लाडू परवडला, पण दर तासाचा अर्धा कप चहा महागात पडतो. मी चहा दोनवर आणला आणि त्यावर खळखळून चूळ भरते. जेवणानंतर तारेखालून जाणारा बारीक गोल ब्रश फिरवते, रात्री फ्लोराइडची चूळ. कोल्ड्रिंक तसंही आवडत नव्हतं.

एवढं सांभाळूनही एकदा ब्रॅकेट निघालंच. लग्नाच्या जेवणात मसालेभात होता, भात मऊ, आणि त्यात दालचिनीचा तुकडा. दाढेखाली कट्ट झालं आणि खालचं एक ब्रॅकेट तारेवर मण्यासारखं इकडून तिकडे सरकायला लागलं. अशा वेळी ते ओढून काढायचं नाही. टोचत असेल तर त्यावर तारांसाठीचं खास मेण लावायचं: टिश्यूनं जागा कोरडी करायची, वाटाण्याएवढी गोळी मळायची आणि दाबून बसवायची. दुसऱ्या दिवशी फोन करून गेले, परत चिकटवून मिळालं. ब्रॅकेट नसलेल्या दातावर तार कामच करत नाही, त्यामुळे दिवस वाया जातात. आता मसालेभात वाढून घेतला की आधी लवंग-दालचिनी शोधते, मग पहिला घास.

माहेरच्या जत्रेत तर तारेचं टोकच शेवटच्या दाढेमागून बाहेर आलं आणि गालाला टोचायला लागलं. दात सरळ होत जातात तशी तार मागे सरकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चुलत्यांनी पक्कड आणली होती, ती नम्रपणे परत पाठवली आणि मेणावर रात्र काढली. मटण सोडलं नाही. चांगलं शिजलेलं असेल तर हाडापासून बोटांनी सोडवून घ्यायचं, रस्सा भरपूर. नळी ताटावर आपटून चोखायची, दातानं फोडायची नाही.

दिवाळीत चकली, कडबोळी, शंकरपाळ्या सोडल्या. करंजी तुकडे करून खाल्ली. संक्रांतीला आईनं तिळाची मऊ वडी केली, लाडवांचे डबे इतरांना वाटले. तीळ मात्र मऊ वडीतलेही तारेखाली जाऊन बसतात, त्या दिवशी आरसा आणि ब्रश पर्समध्येच ठेवला होता.

सध्या स्टीलची तार आहे आणि वरच्या-खालच्या ब्रॅकेटना अडकवायची छोटी रबरं दिली आहेत. ती मी जेवताना काढते, चूळ भरून झाली की लगेच नवीन लावते. दिवसभर लावली तरच दात जागेवर येतात, असं मॅडमनी बजावलंय. डब्याच्या पिशवीत त्यांची पुडी कायमची असते. परवा ताईंनी भडंगाबरोबर त्यातलंही एक उचललं होतं, वेळेवर ओरडले म्हणून वाचलं.