आम्लारींची ने-आण करणारी वनस्पतींची वाहक प्रथिने

ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन, युरॅसिल या नत्रयुक्त आम्लारींची ओळख आपल्याला डीएनए आणि आरएनए यांचे घटक म्हणून होते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती तिथेच थांबते. या आम्लारी एका पेशीतून दुसऱ्या पेशीत कशा पोचतात, हा प्रश्न मला त्यांच्या रचनेइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्यांच्यात बराच नत्र असतो आणि तो वाया घालवणे वनस्पतीला परवडत नाही.

पेशीपटलातील पंप एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू खर्च करून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, बाहेर टाकतात. हे प्रोटॉन आत परतताना पटलातील वाहक प्रथिन त्यांच्याबरोबर आम्लारीचा रेणूही आत घेते. वनस्पतींमध्ये अशा प्रथिनांची अनेक कुळे आहेत. त्यांतील प्लूटो हे प्रथिन लवकांच्या, म्हणजे हरितलवकासारख्या पेशीतील कप्प्यांच्या, आवरणात असते आणि युरॅसिल, ॲडेनीन व ग्वानीन यांची वाहतूक करते. युरॅसिलच्या विघटनाची सुरुवात लवकातच होत असल्यामुळे त्याची ही जागा अर्थपूर्ण ठरते.

ॲडेनीन व ग्वानीन यांसारख्या आम्लारींना प्युरीन म्हणतात. प्युरीन परमीएज या वाहक कुळातील पीयूपी१ हे ॲराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीतील प्रथिन 2000 साली यीस्टच्या मदतीने सापडले. ॲडेनीन आत घेण्याची क्षमता गमावलेल्या यीस्टमध्ये संशोधकांनी वनस्पतीची जनुके घातली, आणि ज्या जनुकामुळे ते यीस्ट पुन्हा ॲडेनीनवर वाढू लागले ते वेगळे काढले. पुढे लक्षात आले की हेच प्रथिन सायटोकायनिन ही पेशीविभाजनाला चालना देणारी संप्रेरकेही वाहून नेते. त्यात नवल नाही, कारण नैसर्गिक सायटोकायनिनांचा गाभा ॲडेनीनचाच असतो. पीयूपी१चे जनुक पानांच्या कडेला, जिथून पहाटे पाण्याचे थेंब पाझरतात त्या जलरंध्रांपाशी, कार्यरत आढळते. तिथे बाहेर पडू पाहणारी संप्रेरके परत आत घेतली जात असावीत, असे अनुमान आहे. पोषणाची वाहतूक आणि वाढीचे नियंत्रण यांना एकच प्रथिन जोडते, ही बाब मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते.

युरेइड परमीएज या दुसऱ्या कुळाचेही असेच आहे. ॲराबिडॉप्सिसमधील यूपीएस१ हे प्रथिन युरॅसिल नेते आणि ॲलँटॉइन हे युरेइड गटातील नत्रयुक्त संयुगही नेते. विदर्भ-मराठवाड्यात ज्याच्यावर लाखो शेतकऱ्यांचा हंगाम अवलंबून असतो त्या सोयाबीनशी या कुळाचा थेट संबंध आहे. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत जिवाणूंनी स्थिर केलेल्या नत्रापासून आधी प्युरीन तयार होतात, त्यांच्या विघटनातून ॲलँटॉइन मिळते आणि ते जलवाहिन्यांतून वर जाते. ॲलँटॉइनच्या रेणूत चार कार्बनमागे चार नत्र असतात, तर ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लात तितक्याच कार्बनमागे दोनच. म्हणजे कमी कार्बन खर्चून अधिक नत्र वर पाठवता येतो. गाठींतील यूपीएस१ प्रथिने कमी केल्यावर युरेइडे गाठींतच साचली आणि नत्र स्थिरीकरण मंदावले, असे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. शेतात गाठ कापून आतला गुलाबी रंग पाहण्याची पद्धत योग्यच आहे, पण त्या रंगावरून गाठ काम करते आहे एवढेच कळते. तिथला नत्र शेंगेपर्यंत निघाला आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. यूपीएस१चे प्रमाण गाठींत वाढवलेल्या सोयाबीनमध्ये स्थिरीकरण आणि दाण्यांचे उत्पादन दोन्ही वाढल्याचे 2016 साली प्रसिद्ध झाले, आणि म्हणूनच सोयाबीनच्या पैदास कार्यक्रमांत या वाहक प्रथिनांची तपासणी व्हावी, असे मला मनापासून वाटते.