शेडचं भाडं ठरवताना बोर्डावर कोण बसलंय?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली एक घरची कंपनी समजू. वडील चेअरमन, दोन्ही मुलगे संचालक. कंपनी पब्लिक लिमिटेड आहे आणि उलाढाल १०० कोटींवर पोचली आहे. शेअर बाजारात नोंद नसली तरी आता दोन स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीत आणि घरात हितसंबंध नसलेले संचालक, घ्यावेच लागतात. भरणा झालेलं भांडवल १० कोटी झालं किंवा कर्जं ५० कोटींच्या वर गेली, तरी तेच.

शोध सुरू होतो दांडिया बाजारातल्या ओळखीपासून. कंपनीचे ऑडिटर सीए चालत नाहीत. त्या फर्ममधून बाहेर पडून तीन आर्थिक वर्षं व्हावी लागतात. मग साडूंचं नाव पुढे येतं. कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत भाऊ, बहीण, सून, जावई आहेत. साडू नाहीत, मामाही नाहीत. कागदावर साडू स्वतंत्र ठरू शकतात, पण दिवाळीला एकाच पंगतीत बसणारा माणूस घरच्याच शेडच्या भाड्याच्या आकड्यावर हरकत घेईल का? मला तरी ती नेमणूक चुकीचीच वाटते.

आपल्याकडे बहुतेक कंपन्यांत मालकी एकाच घराकडे एकवटलेली असते. त्यामुळे खरा धोका पगारी मॅनेजरपेक्षा प्रवर्तकाच्या, म्हणजे कंपनी उभारून ताब्यात ठेवणाऱ्या मालकाच्या, स्वतःच्या व्यवहारांत असतो. डिसेंबर २००८ मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या बोर्डाने तिचे प्रवर्तक असलेल्या राजू कुटुंबाच्या मेटास कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना घ्यायला मंजुरी दिली. स्वतंत्र संचालक त्या बोर्डावरही होते. भागधारक खवळले, म्हणून तो बेत काही तासांत मागे घ्यावा लागला.

आपल्या कंपनीत तोच प्रश्न शेडच्या रूपात येतो. शेड आईच्या नावावर, भाडेकरू कंपनी. वडील आणि दोन्ही मुलगे हितसंबंधी झाले. पब्लिक कंपनीत त्या विषयावर त्यांना चर्चेत भाग घेता येत नाही आणि कोरमला, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान हजेरीतही, ते धरले जात नाहीत. उरले दोघे स्वतंत्र, आणि कोरमला निदान दोन हवेत. एक जण आला नाही की विषय अडला. अशा वेळी वडील आणि मुलगे या तिघांच्याच सह्यांवर ठराव उरकला जातो, आणि पुढे बँकेचा किंवा गुंतवणूकदाराचा वकील नेमकं तेच पान उघडतो.

बैठकीची सूचना सात दिवस आधी द्यायची असते. अजेंड्याचे कागद मात्र आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, आणि माझ्या मते बोर्डं इथेच निकामी होतात. स्वतंत्र संचालकाने आधीच मागून घ्यावं: शेजारच्या दोन शेडचं चौरस फुटामागे भाडं, दरवर्षीची वाढ, डिपॉझिट, आणि छताची दुरुस्ती कुणाच्या खर्चाने. हे हातात नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर ढकलायला सांगावं. दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त अंतर चालत नाही, तेव्हा फार काही अडत नाही.

इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत यायला हवा, मग हरकतीला सात दिवस मिळतात. विरोध केला असेल तर तो नावानिशी लिहिला आहे का, हे तेव्हाच पाहावं. पुढे चौकशी झाली तर "मी बोललो होतो" याला आधार त्या एका ओळीचाच असतो.