सातबारा मोबाइलवर आला, चावडी मात्र हवीच

१ मे २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा संकेतस्थळावर उपलब्ध करून दिला आणि शेतकऱ्याचा तलाठी कार्यालयाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला व्यवहार बदलला. त्याआधी उतारा हवा असेल, तर तलाठी सजेच्या (म्हणजे त्यांच्याकडे सोपवलेल्या गावांच्या) मुख्य गावी कोणत्या वारी येतात याची चौकशी करायची, भेट झाली नाही तर तालुक्याची वाट धरायची आणि पीककर्जाच्या दिवसांत तर एका कागदापायी पेरणीची घाई बाजूला ठेवायची, हा सर्वांचाच अनुभव होता. आज १५ रुपये भरले की तोच उतारा मोबाइलवर उतरवून घेता येतो, आणि त्यावर सही-शिक्का नसला तरी तो कायदेशीर कामांसाठी ग्राह्य धरला जातो. नोकरीमुळे गावापासून दूर राहणाऱ्या माझ्यासारख्या खातेदाराला ही सोय फार मोलाची वाटते, आणि पुढे जे लिहिणार आहे ते ही सोय मान्य करूनच लिहितो आहे.

उताऱ्याचे रूपही सुधारले आहे. २०२० साली बदललेल्या नमुन्यात लागवडयोग्य क्षेत्र आणि पोटखराब म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्र वेगवेगळे दाखवून त्यांची बेरीज दिलेली असते, शेवटच्या फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक व तारीख असते, एखादा फेरफार प्रलंबित असल्यास तेही तेथेच समजते, आणि पूर्वी कंसात टाकली जाणारी कमी झालेली नावे आता आडव्या रेषेने खोडलेली दिसतात. जमीन विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने प्रलंबित फेरफाराची ती एक ओळ किती महत्त्वाची आहे, हे फसवणूक झालेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. खरेदीखत नोंदवले गेले की दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची सूचना ई-फेरफार प्रणालीतून थेट तलाठ्यांकडे जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीची मुदत संपते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पूर्वी दस्ताची प्रत घेऊन खरेदीदारालाच हे सर्व मागे लागून करवून घ्यावे लागे.

प्रश्न आहे तो या यंत्रणेत जे भरले गेले त्याचा. हस्तलिखित सातबारे संगणकात उतरवताना लाखो नोंदी माणसांनी हाताने टंकल्या आणि त्यांत चुका राहिल्या. आमच्या चुलत्यांच्या गटाचे, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचे, क्षेत्र हस्तलिखितात १ हेक्टर ६२ आर होते, ते संगणकावर १ हेक्टर २६ आर झाले. आकडे उलटसुलट होणे ही टंकलेखनातली साधी चूक आहे. परंतु त्या उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी झाल्यावर ती चूकही प्रमाणित झाली. दुरुस्तीचा मार्ग कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा, सोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची अभिलेख कक्षातून काढलेली नक्कल आणि भूमी अभिलेख कार्यालयातील आकारबंदाची (गटाचे क्षेत्र व आकारणी दाखवणाऱ्या नोंदीची) नक्कल जोडायची. म्हणजे ज्या कार्यालयांच्या खेपा संकेतस्थळाने वाचवल्या, त्याच खेपा त्या संकेतस्थळावरची चूक काढण्यासाठी कराव्या लागल्या, आणि अर्ज निकाली निघेपर्यंत चुलत्यांचे पीककर्ज कमी क्षेत्रावरच मंजूर होत राहिले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी या मोबाइल ॲपने यापुढचे पाऊल टाकले. गाव नमुना बारामधील, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागातील, नोंद हे तलाठ्यांचे काम. पण बांधावर न जाताच मागील वर्षीचे पीक पुढे ओढले जाते, ही तक्रार जुनी होती. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरतो आणि पिकाचे छायाचित्र काढतो; त्या छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. ही कल्पना मला मनापासून पटते, कारण आपल्या शेतात काय उभे आहे हे शेतकऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

मात्र गेल्या खरिपात काकूंबरोबर सोयाबीन आणि त्यातल्या तुरीच्या ओळींची नोंद करताना या कल्पनेचा भार कोणावर पडला आहे, तेही दिसले. आमचे शेत ओढ्याच्या खोलगट बाजूला आहे आणि तेथे रेंज येत नाही. काकूंचा मोबाइल साधा असल्यामुळे शेजारच्या मुलाचा मागून आणला होता. आंतरपीक भरायचे म्हणजे मिश्र पीक निवडून मुख्य पिकाचे आणि दुय्यम पिकाचे क्षेत्र वेगवेगळे लिहायचे. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीची एक ओळ, तर तुरीखाली नेमके किती आर गेले, या प्रश्नावर काकू बराच वेळ थांबल्या. त्यांना पीक कळत होते, पण ॲपने मागितलेला आकडा त्यांनी आयुष्यात कधी काढलेला नव्हता. ही नोंद राहून गेली तर काय होते, हे २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीन अर्थसाहाय्याच्या वेळी अनेकांनी अनुभवले. हेक्टरी ५ हजार रुपयांच्या त्या मदतीसाठी आधी ई-पीक पाहणीवरील नोंदीची अट होती आणि ओरड झाल्यानंतर ती शिथिल करावी लागली. अट शिथिल झाली हे योग्यच झाले. पण शेतात पीक असूनही कागदावर शेत रिकामे दिसते, हा धोका प्रत्येक हंगामात कायम आहे.

माझ्या मते या सर्व बदलांत सर्वांत शहाणपणाची गोष्ट संगणकाबाहेरची होती, ती म्हणजे चावडी वाचन. २०१७ साली संगणकीकृत सातबारे गावोगावी लोकांसमोर वाचले गेले आणि अनेक चुका तेथल्या तेथे उघड झाल्या. २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, तेव्हाही मृतांची यादी करायला पुन्हा चावडी वाचनच करावे लागले. कोण केव्हा वारले, कोणती लेक कोठे दिली आहे, तिचे नाव वारसांत आले की भावांनी गाळले, हे कोणत्याही विदासंचात नसते. ते पारावर बसलेल्या चार माणसांना माहीत असते. चुलत्यांच्या क्षेत्राची चूकही २०१७ च्या वाचनाला घरचे कोणी हजर असते तर त्याच दिवशी ध्यानात आली असती.

म्हणून हे वाचन मोहिमेपुरते न ठेवता दरवर्षी मे महिन्यात, खरिपाची लगबग सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक गावात व्हावे असे मला वाटते. त्याची तारीख आधी दवंडी देऊन आणि गावच्या व्हॉट्सॲप गटावर कळवावी, पुण्या-मुंबईत राहणाऱ्या खातेदारांना संदेश जावा, आणि निघालेल्या चुकांची यादी कलम १५५ च्या स्वतंत्र अर्जांशिवाय एकत्रितपणे तहसीलदारांकडे पाठवण्याची सोय असावी. आमच्या ग्रामसभेत हा ठराव मांडण्यासाठी मी अर्ज दिला आहे. ज्यांना आपल्या गावी असाच ठराव मांडायचा असेल, त्यांनी त्याआधी आपला ताजा उतारा उतरवून घ्यावा आणि क्षेत्राची बेरीज, ‘इतर हक्क’ या रकान्यातील फेडलेल्या कर्जांचे बोजे आणि प्रलंबित फेरफाराची ओळ जुन्या हस्तलिखिताशी ताडून पाहावी.