वास येणारं सगळं

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकायचा, तर निम्मं साहस घरबसल्या उरकतं. तिथल्या अप्पर पाइन्स ह्या तंबूंच्या तळाचं आरक्षण पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला सकाळी सातला उघडतं. चहा गाळून होईपर्यंत उन्हाळ्यातले शनिवार-रविवार संपलेले असतात. त्यातून एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसं. चार मराठी घरं मिळून निघाली की शेजारशेजारच्या जागा पकडायला चारही घरांत लॅपटॉप सरसावून बसतात.

जागा मिळते. टेबल असतं, शेकोटीचं लोखंडी कडं असतं आणि असते एक जाडजूड लोखंडी पेटी, बेअर बॉक्स, म्हणजे अस्वलाला न उघडणारी. वास येणारं सगळं ह्या पेटीत ठेवायचं. खाणं तर आलंच, पण टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीनसुद्धा. तंबूत काही म्हणता काही ठेवायचं नाही, आणि अंधार पडल्यावर गाडीतही नाही.

आता आपल्या सामानात वास न येणारं काय असतं? हिंगाची डबी, काळा मसाला, लसणीची चटणी, मेतकूट, कढवलेलं तूप, गुडघ्यांसाठी अमृतांजन. शेजारचं अमेरिकन कुटुंब पाव, सॉसेज आणि मार्शमेलो ठेवून दोन मिनिटांत मोकळं होतं. आमची पेटी लग्नाच्या रुखवतासारखी रचावी लागते. बरं, कांदेपोह्यांची फोडणी ज्या जॅकेटला बसली, ते अंगावरच असतं. त्याचं काय करायचं, ते नियमात नाही.

ह्या कडकपणाला हसू नये. अस्वलांना चटक माणसानेच लावली. 1920-30च्या दशकांत इथे हॉटेलांचं खरकटं मुद्दाम टाकायचे आणि ते खायला आलेली अस्वलं बघायला पर्यटक गर्दी करायचे. पुढे अस्वलं गाड्यांच्या दारांच्या चौकटी वाकवायला शिकली. 1998 साली अशा उपद्रवाच्या दीड हजारांवर घटना नोंदल्या गेल्या. माणसाच्या अन्नाला सोकावलेलं अस्वल धीट होतं आणि शेवटी कधीकधी त्यालाच मारावं लागतं. म्हणजे भूक त्याची, आळस आपला आणि शिक्षा त्याला. पेट्या आल्या, लोकांना शिस्त लागली, तसे हे प्रकार खूपच कमी झाले.

(राज्याच्या झेंड्यावरची ग्रिझली अस्वलं मात्र इथून नाहीशी होऊन शतक उलटलं. उरली ती काळी अस्वलं, आणि तीही बरीचशी तपकिरीच असतात.)

रात्री दहाला शांततेची वेळ सुरू होते. त्याआधी भेंड्या आवरायच्या, पातेली घासायची, खाली सांडलेले शेंगदाणे टॉर्च लावून वेचायचे. पेटीची कडी अशी की बोटं वाकवून आत घालावी लागतात, पंजा शिरत नाही. ती लागली की नाही, हे प्रत्येक जण एकदा स्वतः हलवून बघतो. पुण्याहून आलेल्या काकू तंबूच्या तोंडाशी उशी घेऊन उभ्या असतात.

"अगं, खोबरेल तेलाचा वास येतोय हिला. मावेल का त्यात?"